साविनचा पाहुणा

टेकडीवरच्या मोठ्या जाळातून आणलेला निखारा फिंगिनने विझलेल्या चुलीत ठेवला आणि फुंकर घातली. साविनच्या सणाची संध्याकाळ होती. उन्हाळा सरला होता, गुरं डोंगरावरून खाली आली होती आणि बेटावर घरोघरी, मेलेल्या माणसांसाठी दारं उघडी होती.

त्याने चुलीपाशी जवाची भाकरी आणि ताकाचा वाडगा मांडला. ब्रेकानसाठी, आपल्या मुलासाठी. त्या पोराशी त्याचं एका बैलावरून वाजलं होतं. रागाच्या भरात फिंगिन म्हणाला, "तू मला मेलास," आणि पोरगा समुद्रापार निघून गेला. पुढे त्याचं जहाज बुडाल्याची बातमी आली. तेव्हापासून दर साविनला फिंगिन वाट बघायचा. कोणी यायचं नाही.

आज पाऊल वाजलं.

फिंगिनने झटकन भिंतीकडे तोंड केलं. आलेल्याच्या चेहऱ्याकडे बघायचं नसतं. बघितलं तर त्याला परतीची वाट सापडत नाही, असं जुनी माणसं सांगत.

"बाबा," मागून आवाज आला. तोच, जरा घोगरा झालेला. "आलोय मी."

माफीचे शब्द फिंगिनने वर्षानुवर्षं घोळवले होते.

"खाऊन घे," एवढंच तो म्हणाला.

भाकरी मोडल्याचा आवाज आला.

"राहू का इथंच?"

फिंगिनचे डोळे भरून आले. हो म्हणावंसं फार वाटलं. पण आपल्या मायेपायी पोराचा जीव अधांतरी लटकत राहायला नको. त्याने आवाज कडक केला.

"मेलेल्यांनी जित्यांत राहू नये, लेका. जा आता."

पावलं सावकाश दाराबाहेर गेली. माफी पुढच्या साविनला मागू, अशी त्याने मनाची समजूत घातली. उरलेली अर्धी भाकरी फडक्यात जपून बांधली.

सकाळी तो शेताच्या खतासाठी शेवाळ गोळा करायला किनाऱ्यावर गेला. पलीकडच्या गावची नावाडीण मुगेन होडीतलं पाणी उपसत होती. त्याला बघून ती थांबली.

"काय झालं रे तुमच्यात?" तिने विचारलं. "काल ब्रेकानला आणलं, तेव्हा वाटभर तुझ्याबद्दलच बोलत होता. आज पहाटे परत पोचवला, तर सबंध वाटेत तोंडातून शब्द नाही."