जिनिंगमधला होकार

दुपारी तीनच्या सुमाराला राळेगावच्या कापसाच्या जिनिंगमध्ये उन्हाचे चार पट्टे छपरातून खाली उतरत, आणि त्यांत रुईचे तंतू असे तरंगत राहत की वाटावं, इथं कुणी काम करतच नाही, सगळेच झोपेत आहेत. रंजिता मशीनमध्ये कापूस लोटत होती. नाकातोंडाला दुपट्टा, भुवयांवर पांढरी लव. फिटर भीमराज हातात पाना घेऊन तिच्याच मशीनकडे येताना दिसला आणि तिचे हात मंदावले.

परवा त्यानं विचारलं होतं. रोलरला ग्रीस देता देता, तिच्याकडे न पाहता. "रंजिताबाई, माह्यासंग घर करता काय? विहारात पाच मानसांत हार घालू."

तिनं ऐकू न आल्याचं दाखवलं होतं. इथं ते सोपं होतं. बारा मशीनच्या घरघरीत माणसं हातांनीच बोलत. पाण्याला अंगठा, चहाला दोन बोटं, मालक आला की कपाळाला हात. पण उद्यापासून भीमराज पुसदकडे कामाला जाणार होता. परत कधी येईल, त्यालाही ठाऊक नव्हतं.

त्यानं एक बोल्ट आवळला. मग या वेळी तिच्याकडे पाहिलं आणि नुसत्या भुवया उंचावल्या.

मान हलवली असती तरी भागलं असतं. पण मान तिनं एकदा हलवली होती, एकोणीस वर्षांपूर्वी, पहिल्या लग्नाला होकार म्हणून, आणि तीही मामीनं मागून हात ठेवून वाकवलेली. तो नवरा जाऊनही आता अकरा वर्षं झाली होती. सकाळीच यवतमाळहून तिची लेक अर्पिता फोनवर म्हणाली होती, "आई, मले काही अडचन नाही. पन जे काय हाये ते तोंडानं सांग त्यायले. मान डोलावू नको."

रंजितानं तोंडावरचा दुपट्टा खाली ओढला.

"हो," ती म्हणाली.

भीमराजनं कानामागे हात धरला.

"हो म्हनून राह्यली मी!"

तो आणखी जवळ आला. इतका की त्याच्या पापण्यांवर अडकलेली रुई तिला दिसली. "काय म्हनता? काहीच आयकू येत नाही!"

तेव्हा तिला राग आला. त्याचा नव्हे, त्या घरघरीचा. तिनं छाती भरून श्वास घेतला आणि होता नव्हता तेवढा आवाज लावला.

"मले तुमच्यासंग लगन कराचं हाये!"

नेमकी तेव्हाच विजेची लाइन गेली. रोलर एक गिरकी घेऊन गप्प झाले आणि ते वाक्य त्या उंच पत्र्याखाली मोकळं सुटलं. कापसात हात घातलेल्या पंधरावीस बाया तशाच थांबल्या. छपरात चिमण्या राहतात हे सगळ्यांना आजच कळलं.

आता लाज येईल, म्हणून रंजिता वाट पाहत उभी राहिली. ती आली नाही. स्वतःचा आवाज तिला अजून कुठंतरी वर ऐकू येत होता, दुसऱ्याच कुणा बाईचा असावा तसा. ती बाई तिला आवडली.

"आलं आयकू," भीमराज हळूच म्हणाला.

ऑफिसच्या दारातून मॅनेजर भगवानराव ओरडले, "भीमराज, जनरेटर लाव ना बे! गाड्या उभ्या हायेत बाहीर."

तो सवयीनं वळला. शेजारच्या मशीनवरच्या म्हाताऱ्या वच्छलाबाईंनी जागेवरूनच हात वर केला.

"थांबा जराक, भगवानराव. लय सालानं बोलली हे पोरगी. दोन मिनिटं बोलू द्या तिले."

कुणी हसलं नाही. भगवानराव दारातच चुळबुळत राहिले. भीमराजनं पाना मशीनवर ठेवला, हात पायजम्याला पुसले, आणि एरवी चार हात लांब राहणारा तो माणूस सगळ्यांदेखत तिच्या शेजारी कापसाच्या ढिगावर बसला.

"बोला," तो म्हणाला.