लाल शाईतली तीन अक्षरं

"संमती आहे की नाही, एवढंच सांगा," कॉन्सल म्हणाला.

कुआंग यूशानने कागद पुन्हा डोळ्यांजवळ धरला. चीनमधल्या हान्कौच्या विलायती कॉन्सलकचेरीत दुभाषा म्हणून त्याची बावीस वर्षं गेली होती, पण असला पेच कधी पडला नव्हता. हान नदीचा फुटका बांध बांधायला प्रांताच्या सुभेदाराने विलायती बँकेकडे कर्ज मागितलं होतं. बँक तयार होती. कॉन्सलच्या सरकारचा मात्र दंडक होता, की पेकिंगच्या दरबाराची संमती असल्याशिवाय कुठल्याही प्रांताला छदाम द्यायचा नाही. म्हणून सुभेदाराने दरबाराला अर्ज केला आणि तो आज सकाळी परत आला. शेवटी लाल शाईने तीन अक्षरं लिहिली होती. त्यांचा अर्थ एवढाच, की कळले.

हो नाही, नाही पण नाही. कचेरीत हयात घालवलेला कुणीही सांगेल, दरबाराने काखा वर केल्या होत्या. उद्या कर्ज बुडालं तर 'आम्ही कुठे हो म्हणालो होतो' म्हणायला मोकळे!

सुभेदाराचा कारकून फेई बाहेर बाकावर बसून होता. कुआंग आत येण्याआधीच फेईने त्याला गाठलं होतं. साहेब नवा आहे, त्याला कुठली आपली अक्षरं कळायला, तुम्ही लावाल तो अर्थ, असं तो आधी हसत हसत म्हणाला. मग त्याचा आवाज उतरला.

"दादा, दीड महिन्यात पूर येईल. तुमची ताई बांधाखालीच राहते ना?"

राहत होती. गेल्या साली ती दोन दिवस झाडावर बसून जगली, तिचा नवरा वाचला नाही. त्याला जिथे पुरलंय तिथून मी हलायची नाही, असं तिने भावाला ठणकावून सांगितलं होतं.

बावीस वर्षांत कुआंगने एक शब्द इकडचा तिकडे केला नव्हता. त्याच्या नावाला किंमत होती ती तेवढ्यासाठीच. आता खोटं उघडं पडलं, तर नोकरी जाईलच, दरबाराच्या शब्दाचा भलता अर्थ लावला म्हणून बेड्याही पडतील.

"आहे," तो म्हणाला. "दरबाराची संमती आहे."

कॉन्सलने ते लेखी मागितलं. कुआंगने अनुवाद लिहिला, अर्थ नीट तपासून दिला आहे अशी ओळ घातली आणि खाली सही केली. साहेबाला फसवल्याची त्याला मनापासून लाज वाटत होती. पण बांध होणार होता, ताई वाचणार होती. पेकिंगच्या वकिलातीला तार करायची तर मजकूर लिहून देतो, असं तो अदबीने म्हणाला.

कॉन्सलने सही वाळू दिली. कागद खणात ठेवून किल्ली फिरवली.

"संमती आहे, अशी तार मी सकाळीच केली," तो म्हणाला, तेही चक्क हान्कौच्या बोलीत, एकही हेल न चुकता. "ही तीन अक्षरं मलाही वाचता येतात, कुआंगसाहेब. खाली सही तेवढी दुसऱ्या कुणाची तरी हवी होती."