सोबत

उपवन तलावाच्या कठड्याशी धोंडिबा होडीची वाट बघत उभा होता. ऊन कललं होतं. येऊरचे डोंगर धुरकट निळे झालेले. पाण्यावरून गावच्या खाडीचा वास येत होता, ओल्या दोरखंडाचा, वाळत घातलेल्या जाळ्यांचा. होडी आली की पलीकडे घर. दुपारी जेवून कोणाला न सांगता आपण निघालो, हे त्याला आठवत नव्हतं.

मागे गाडी थांबली. खाकीतली दोन माणसं उतरली.

"हेच ते. घरचे शोधतायत," ड्रायव्हर म्हणाला. "चला आजोबा, बसा गाडीत."

धोंडिबाने कठडा घट्ट धरला. "मी काय नाय केलं, साहेब. लेकरांची शपथ."

ड्रायव्हरचा पुढे झालेला हात त्याच्याबरोबर उतरलेल्या प्राचीने अडवला. वर्तकनगरच्या वसाहतीतल्या म्हाताऱ्या माणसांची विचारपूस करायला ही पोलीस शिपाईबाई अधूनमधून जायची. बाकीची दारं तिला बघून किलकिलीच होत. धोंडिबाकडे चहा मिळायचा. आज मात्र त्याने तिला ओळखलं नव्हतं.

तिने गाडी परत पाठवली, त्याच्या घरी फोन केला आणि त्याच्याशेजारी कठड्याला टेकून नुसती पाणी बघत राहिली.

"आजोबा," बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "मला वर्तकनगरला जायचंय. येता का जरा सोबत?"

धोंडिबाने तिच्याकडे पाहिलं. एकटी पोर, आणि अंधारून येत होतं.

"माझी होडी चुकेल गो."

"थांबवायला सांगते ना."

दोघं चालू लागली. दिवे लागले तशा इमारती माडांसारख्या संथ डोलायला लागल्या. रिक्षांचा आवाज लांब कुठेतरी भरतीसारखा चढत होता. कोरड्या फुटपाथवर तो थबकला.

"हळू. इथे चिखल असतो."

प्राचीने पँट किंचित वर धरली आणि लांब पाऊल टाकलं. त्याने हात पुढे केला. तिने धरला.

वसाहतीच्या फाटकापाशी बाकड्यावर मंडळी बसली होती. वर्दीतल्या बाईने हात धरून आणलेला धोंडिबा दिसला. एकाने नातवाला मागे ओढलं.

"काय केलं हो यांनी?"

प्राची काही बोलणार, तोच धोंडिबा तिच्यापुढे येऊन उभा राहिला.

"घाबरू नका," तो म्हणाला. "माझ्याबरोबर आहे ती."