घडी न मोडलेला शुक्रवार

लोसालिनीला तिचा शुक्रवार मिळाला. कराच्या तक्रारी ऐकणाऱ्या मंडळाच्या तिघांनी सह्या करून दिला. पण तूर्त ते विसरू. तो मिळालेलाच नाही असं धरून चालू. घडलेलं घडलंच नाही म्हणायची सामोआला सवय आहे.

तर कर कचेरीतला पेसामिनो आपियाच्या बाजारामागच्या शिवणदुकानात उभा होता आणि भिंतीवरच्या दाखल्याच्या काचेत बघून कॉलर सरळ करत होता. सगळेच करत. दुकानात आरसा नव्हता. दुकानात शिवायला असलेली फुआतिनो मापं घ्यायची तीही गिऱ्हाईकाला त्या काचेसमोर उभं करून.

दाखला होता परदेशी मालकीचं दुकान चालवायच्या परवानगीचा. लोसालिनी फिजीची, तिथल्या सुवा शहरातली. आता परदेशी माणसाला शिवणकामाचा नवा दाखला देणं बंद झालं होतं, म्हणून तिने तो चौकटीत घालून जपला होता.

"टिकाऊ निघाला हं तुमचा दाखला," पेसामिनो दर खेपेला म्हणायचा आणि हसायचा.

"काच सुवाहून आणलीय," लोसालिनी सांगायची.

मग तो कामाचं बोलला. "बाई, तुम्ही अनिवासी ठरलात."

नियम सोपा होता. वर्षात एकशे त्र्याऐंशी दिवस देशात काढले तर परदेशी मालक रहिवासी, नाहीतर अनिवासी. आणि अनिवाशाचा कर असा, की दोन मशिनी विकाव्यात आणि तिसरीवर रडत बसावं. लोसालिनीकडे तीनच मशिनी होत्या. दोन हजार अकरा साली ती सुवाला आईच्या उशाशी बसली, आईला मातीत ठेवून परतली. इथले तिचे दिवस झाले एकशे ब्याऐंशी.

"आणि तीस डिसेंबरचा शुक्रवार?" तिने विचारलं.

"तो झालाच नाही."

हे खरं होतं. त्या वर्षी सरकारने अख्खा देश तारखेच्या रेघेपलीकडे नेऊन ठेवला. गुरुवारी रात्री प्रार्थना म्हणून झोपलेली माणसं उठली ती थेट शनिवारी.

"गुरुवारी मी इथे होते, शनिवारीही इथेच. मधे काय पोहत सुवाला गेले?"

"मधे असं काही नव्हतंच, बाई."

"मग मला पगार कशाचा मिळाला रे?" फुआतिनोने दाताने दोरा तोडला. न आलेल्या शुक्रवारचा पगार द्यायचा, असा सरकारचाच हुकूम होता, आणि लोसालिनीने तो दिला होता. "जन्मात इतकं हलकं काम केलं नाही मी."

"हे सरकारी काम आहे, फुआतिनो." पेसामिनो तिच्याच चर्चमध्ये खालच्या पट्टीत गायचा. तिच्यापुढे त्याचा साहेबपणा फार वेळ टिकत नसे.

"तुझ्या बायकोचे दोन झगे माझ्याकडे आहेत. तेही सरकारी करू का?"

पेसामिनोने खुर्ची जवळ ओढली. "अर्ज करा, बाई. पण दिवस मोजण्यापुरताच मागा. तेवढ्यापुरताच."

"का?"

"न विचारलेलं सांगायची आम्हाला बंदी आहे."

"विचारतेच आहे की."

"मला नाही, कचेरीला विचारलं पाहिजे. लेखी." त्याने पुन्हा काचेत पाहिलं आणि सरळ असलेली कॉलर आणखी सरळ केली.

तो गेल्यावर फुआतिनो म्हणाली, "बघितलंस? ठाण मागितलं की हे लोक चिंधी दाखवतात. मागतेस तर अख्खा माग."

लोसालिनीने अर्जात लिहिलं: सर्व शासकीय कामांसाठी.

चौदा महिने अर्ज फिरला. एका कचेरीने हवामान खात्याला विचारलं, त्या दिवशी पाऊस होता का. खात्याने कळवलं, नोंद आढळत नाही. दुसऱ्या कचेरीने अर्जदाराच्या तब्येतीचा दाखला मागितला. तोही तिने दिला. शेवटी मंडळापुढे सुनावणी लागली.

"त्या शुक्रवारी तुम्ही काय केलंत?" म्हाताऱ्या अध्यक्षांनी विचारलं.

"काही नाही, साहेब."

"कुणी पाहिलं?"

"कुणीच नाही."

"बरोबर आहे," अध्यक्ष म्हणाले. "मीही तेच केलं."

पगाराची पावती तिघांच्या हातांतून फिरली. सरकार ज्याचा पगार द्यायला लावतं, तो दिवस नव्हता असं सरकारला म्हणता येणार नाही, असं एकाचं मत पडलं. कर कचेरीची काही हरकत? पेसामिनो उठला. लोसालिनीकडे बघत राहिला.

"दिवस मोजण्यापुरता दिला, तर..."

"दिवस म्हणजे काय भोपळा आहे, फोड करून द्यायला?" अध्यक्षांनी सही केली. सर्व कामांसाठी.

बाहेर आल्यावर फुआतिनोने लोसालिनीला उचललं. दोघी भर रस्त्यात रडल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात नारळाच्या दुधातले पाव आले, कोको आला, तिन्ही मशिनी घरघरत होत्या. पेसामिनो आला. त्याने पाव घेतला नाही. काचेत पाहिलं नाही. चौकट खिळ्यावरून उतरवली.

"अरे, मापं कशात बघायची आम्ही?" फुआतिनो ओरडली.

त्याने चौकट लोसालिनीपुढे धरली आणि तळच्या ओळीवर बोट ठेवलं. त्या काचेत तिने वर्षानुवर्षं लोकांचे खांदे पाहिले होते. वैध: ३० डिसेंबर २०११, दिवसअखेरपर्यंत.

"तो दिवस उजाडलाच नव्हता, बाई," पेसामिनो म्हणाला. "म्हणून मावळलाही नव्हता. काल दुपारपर्यंत."

मशिनी एकेक करून थांबल्या. लोसालिनीने कापायच्या टेबलावरचं कापड बाजूला सारलं आणि कागद ओढला. 'माननीय अध्यक्ष महोदयांस. विषय: मंजूर झालेला शुक्रवार परत करण्याबाबत. महोदय, सदर दिवस अर्जदाराने वापरलेला नाही, त्याची घडीसुद्धा मोडलेली नाही. तरी तो होता तसा शासनजमा करून घ्यावा व घडला नव्हता असे जाहीर करावे, ही नम्र विनंती.'