वाजवून घेतलेली सायकल

"नुसतं बघून काही कळत नाही," दुकानदार म्हणाला. "कार्बनची सायकल वरून कोरी करकरीत दिसते आणि आतून तडकलेली असते. मडकंसुद्धा माणूस वाजवून घेतो. ही वाजवून घ्या."

दुकान जुन्या सायकलींचं होतं. दुकानदाराच्या हाडांवर मांस नावालाही नव्हतं, म्हणून गिऱ्हाइकं त्याला पैलवान म्हणत. हवा भरायच्या यंत्राशेजारी उभं राहून राहून त्याचा एक कान गेला होता, आणि दुसऱ्यावर त्याचा स्वतःचाच विश्वास नव्हता.

"माझे बाबा वाजवतील," मुलगी म्हणाली. "फरशी बसवतात ते. कुठली फरशी खालून पोकळ राहिलीय, ते ठोकून सांगतात."

सायकल मुलीला सायक्लोक्रॉसच्या शर्यतीसाठी हवी होती, आणि बापाला तेच नको होतं.

सायक्लोक्रॉस म्हणजे काय, हे त्याला गेल्या रविवारपर्यंत ठाऊक नव्हतं. मग मुलगी त्याला शर्यत दाखवायला घेऊन गेली. चिखल, ओलं गवत, मध्येच आडव्या फळ्या. तिथे उतरायचं, सायकल खांद्यावर टाकून पळायचं, पुन्हा उडी मारून बसायचं. धडधाकट माणसं पैसे भरून हे हाल का करून घेतात, असा विचार तो करत होता, तेवढ्यात उतारावर एकीचं पुढचं चाक रुतलं. ती हँडलवरून पलीकडे गेली आणि बराच वेळ उठली नाही. "होतं असं कधी कधी," मुलगी म्हणाली होती. तेव्हापासून बापाच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. डोळे मिटले की चिखलात पडलेली ती दिसे, आणि तोंड आपल्या पोरीचं.

दुकानात मुलीच्या पैशांत बसणाऱ्या दोनच सायकली होत्या. एकीचे ब्रेक ओल्यात धरत नाहीत, हे पैलवानाने स्वतःच सांगून टाकलं. उरली ही. हलकी, करडी, तिच्या उंचीला बेतून केल्यासारखी. मुलीने ती खांद्यावर घेतली, दुकानाच्या पायऱ्या धावत उतरली, धावत चढली आणि हसली. ते हसू पाहून बाप आणखीच घाबरला.

त्याने खिशातून नाणं काढलं आणि ठोकायला सुरुवात केली. मधल्या दांड्यावर, सीटखाली, मागच्या चाकाकडे जाणाऱ्या बारीक नळ्यांवर. सगळीकडे एकच आवाज, कोरडा आणि टणक. नीट बसलेल्या फरशीचा. राहिला फक्त पुढचं चाक दोन्ही बाजूंनी धरणारा चिमटा. तिथेही टक.

एक शब्द बोललं की संपलं, त्याच्या मनात आलं. भांडण नाही, नको म्हणणं नाही, सुंठीवाचून खोकला गेला.

"इथे पोकळ वाजतंय," तो म्हणाला.

कशावरून, असं मुलीने विचारलंसुद्धा नाही. तिने त्या जागेवरून बोट फिरवलं. "बरं झालं तुम्ही होतात," एवढंच म्हणाली आणि चक्कर मारायला म्हणून घातलेलं हेल्मेट काढून ठेवलं. बापाला वाटलं होतं, आता हायसं वाटेल. तसं काही झालं नाही.

पैलवानाने सायकल उचलून शिकंज्यात आवळली आणि भिंतीवरची करवत घेतली.

"हे काय करताय?" बापाने विचारलं.

"चिमटा कापतोय. तडकलेली वस्तू माझ्या दारातून बाहेर जात नाही. भंगारात टाकली तर कोणीतरी उचलतो, रंग मारतो आणि विकतो. मग कुणाच्या तरी पोराचे दात जातात." त्याने पात्याची धार अंगठ्याने बघितली. "माझं नुकसान मी बघून घेईन. तुमच्या कानाचे उपकारच म्हणायचे."

पातं चिमट्याला टेकलं.

"थांबा." बापाने हात पुढे केला. "चांगली आहे ती. कुठेच पोकळ नाही. मी खोटं बोललो."

पैलवानाने करवत तशीच धरून ठेवली. "खोटं आधी बोललात, का आता बोलताय? कापताना बघवेना म्हणून?"

 इतक्या वर्षांत बापाच्या कानावर कोणी शंका घेतली नव्हती. त्याने मुलीकडे पाहिलं. ती चिडलेली नव्हती, आणि त्याला त्याचीच धास्ती वाटली.

"मला भीती वाटली," तो तिला म्हणाला. "तू पडशील म्हणून."

"मलाही वाटते," ती म्हणाली. "त्या दिवशी ती पडली ना, तेव्हापासून रोज वाटते. म्हणून तर एकटी आले नाही. म्हटलं, बाबा चांगली आहे म्हणाले की मग नाही वाटणार."

पैलवानाने करवत खाली ठेवली आणि शिकंजा सैल केला. मुलीने सायकल काढून घेतली आणि बापासमोर उभी धरली.

"परत वाजवा, बाबा. पहिल्यापासून. जे ऐकू येईल ते सांगा."

नाणं त्याच्या बोटांतून निसटलं. त्याने ते उचललं आणि ठोकलं, तर आधी स्वतःच्या छातीतली धडधडच ऐकू आली. आवाज टणक आहे की पोकळ, काही कळेना. तो थांबला. कोणी घाई केली नाही. श्वास जागेवर आल्यावर त्याने वरून सुरुवात केली, एकेक नळी करत खाली आला, आणि जिथे खोटं बोलला होता नेमकं तिथे नाणं मारलं.

टक.

तडा सापडला असता तर किती सोपं झालं असतं. मुलगी त्याच्या तोंडाकडे बघत होती, आणि आता त्याला खरं सांगायचं होतं.