तांब्याभर पाणी

झिव्काने वर्षभर एकटीने घासून अभ्यास केला होता. कष्ट केले की बाकी काही लागत नाही, असं शाळेतल्या बाई म्हणायच्या. आमच्याकडे परीक्षेला निघालेल्याच्या वाटेवर तांब्याभर पाणी ओततात, म्हणजे पेपर पाण्यासारखा सरसर जातो. सोफिया शहरातल्या मोठ्या शाळेच्या प्रवेशपरीक्षेला आमच्या पत्र्याच्या वस्तीतून बसणारी झिव्का पहिलीच. मग काय, घरोघरचे तांबे रिते झाले आणि तिला घेऊन निघालेली मेतोदीकाकांची खटारा गाडी त्या चिखलात रुतली. शाळेचं फाटक नऊला बंद होणार होतं. रडकुंडीला आलेली पोर ढकलायला उतरू लागली. “ए शहाणे, आतच बस! सदरा माखेल,” आजी खेकसली. “तुझे कष्ट झाले करून. आता आमचे.” अख्खी वस्ती गाडीला भिडली. चाकं गरगरली, चिखल उडाला, गाडी सुटली. झिव्काने हुश्श करत मागे पाहिलं. चिखलाने माखलेली आजी आणखी एक तांब्या ओतत होती.