मधली भिंत

बायको गेल्याचा फोन दवाखान्यातून आला, त्याच दिवशी दलालाने विचारून घेतलं होतं, "काका, आता एवढं घर एकट्याला कशाला?" महिना होतो न होतो तोच तो गिऱ्हाईक घेऊन आला. गिऱ्हाईक कसलं, गाढवाला झूल घातली होती नुसती. चिखलाच्या बुटांनी ते घरभर फिरलं आणि स्वयंपाकघरात येऊन नाक मुरडून म्हणालं, "यापेक्षा कोंबड्यांचं खुराडं बरं. आधी ही मधली भिंत उडवायची."

"परवानगी लागते त्याला," काका म्हणाले. "इंजिनिअर येऊन बघून जातो."

"परवानगी भित्र्यांनी काढायची हो! दोन घण घातले की हॉल मोकळा." मग भाव पाडायला त्याने भिंतीवरून बोट फिरवलं. "तुमच्या बाईसाहेबांनी जन्मभर काजळीच धरली वाटतं इथे. याचे का पैसे मोजायचे?"

काकांनी त्याच्याकडे एकदा नीट पाहिलं. मग तो म्हणेल त्या भावाला हो म्हणून टाकलं. दलालाचा आ वासलेलाच राहिला.

काका आयुष्यात कुणाशी पुरतं बोलले नव्हते. माणूस निघाला की बायको लगबगीने फाटकापर्यंत जायची आणि यांचं राहिलेलं सांगून यायची, मग तो कितीही नालायक असो.

दोघे गेले. काकांनी फाटकाला कडी घातली. वरचा अख्खा मजला त्या मधल्या भिंतीवर उभा आहे, हे सांगायचं राहिलं.